मधली खुर्ची

"मी इकडं वळवतो आणि ती तिकडं पळते," विश्वंभर दाजी म्हणाले. कॅमेरा त्यांनी पोटाशी धरला होता आणि मान खाली घालून ते वरच्या दुधी काचेत बघत होते. "बघ की दिगंबर, सापडतच नाही."

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वैजू तुळशीपाशी उभी होती. ती जागची हललेलीसुद्धा नव्हती.

"काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, दाजी," मी म्हणालो. "मनाला वाटतं त्याच्या उलट बाजूला वळवायचा. सवय लागते."

त्यांनी कॅमेरा थोडा उलट बाजूला फिरवला. थांबले. "हां. आता सापडली."

मग ते बराच वेळ काचेतच बघत राहिले. वैजू तशीच उभी होती, हात पुढे बांधून. मी आपला उगाच हसत होतो. शेवटी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "झकास आहे. समोरच्याला कळतही नाही आपण बघतोय ते."

ही १९८६ सालच्या संक्रांतीची गोष्ट. वैजयंता माझी मावसबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सात महिन्यांपूर्वी तिचं लग्न आसदगावच्या आसदकरांकडं झालं होतं. तिच्या डाव्या कोपरावर कोडाचा रुपयाएवढा डाग होता, त्यापायी चार ठिकाणची स्थळं परत गेली होती. विश्वंभर बिजवर. पहिली बायको पाय घसरून विहिरीत पडली आणि गेली, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. आमच्याकडून डाग सांगून झाला, त्यांच्याकडून विहीर सांगून झाली, आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना एकदम हलकं वाटलं.

पहिली संक्रांत म्हणून लीलामावशीनं हलव्याचे दागिने आणि काळी साडी देऊन मला फलटणहून पाठवलं होतं. "तुझा तो डबाही घेऊन जा," ती म्हणाली होती. "दागिने घालून पोरीचा एक फोटो काढून आण. पत्रात दोन ओळींच्या वर काही लिहीत नाही ती."

डबा म्हणजे माझा नवा जुना कॅमेरा. आमच्या चित्रकलेच्या गुरव मास्तरांचा. एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. मास्तरांचे हात कापायला लागले होते म्हणून त्यांनी तो मला दिला. "एक रोल वाया गेला असं समज आणि सगळे वेग लावून बघ," ते म्हणाले होते. "मंद वेग अडकतात. कुठला चालतो, कुठला नाही, ते मला येऊन सांग." मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत नकाशे काढायचो, तेव्हा असली तपासणी मला आवडायची. खिशात छोटी वही होती. फाट्यावर उतरल्या उतरल्या एक फोटो काढला, उसाच्या गाडीचा दुसरा, आसदकरांच्या घराचा तिसरा. वेग आणि उजेड वहीत लिहून ठेवला.

घर गावाच्या कडेला, तीन बाजूंनी ऊस. पुढे सारवलेलं मोठं अंगण, मागे परसू आणि परसात विहीर. विहिरीवर लोखंडी जाळी बसवलेली होती. नवी दिसत होती, कोपऱ्यातला एक भाग उघडता येण्यासारखा. घरात चार माणसं आणि पाचवी वैजू. सासरे नाना, बोलघेवडे, रुबाबाची आवड असलेले. सासूबाईंना सगळे काकू म्हणत. विश्वंभर थोरला, मधू धाकटा. मधू वीस-बावीस वर्षांचा असेल, पण अख्ख्या जेवणात त्यानं पानातून मान वर केली नाही.

जेवायला गुळपोळी होती. वैजू वाढत होती. माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि तेव्हा तिचा अर्थ काही मी लावला नाही. वैजू स्वयंपाकघरात गेली की दाजींचा घास थांबायचा. हात ताटात तसाच. ती परत बाहेर आली की मग ते जेवायला लागायचे.

"नाना," मी म्हणालो, "मावशीनं सांगितलंय, चार दिवस वैजूला घेऊन ये म्हणून. आज नेऊ का?"

नानांनी मुलाकडं पाहिलं.

"कशाला तुम्ही त्रास घेता?" दाजी म्हणाले. त्यांचा आवाज फार मऊ होता. "मी स्वतः आणून सोडीन की. सवडीनं."

"तूप घे," काकू मला म्हणाल्या. विषय संपला.

जेवणं झाल्यावर वैजू काळी साडी नेसून, हलव्याचा हार, बाजूबंद, बिंदी असं सगळं घालून अंगणात आली. दाजींनी कॅमेरा बघायला मागितला तो तेव्हाच. मग मी तिचे चार फोटो काढले. ती कुठंच हसली नाही. मी म्हणालो, "वैजे, संक्रांत आहे, पुण्यतिथी नाही." त्यावर नाना मोठ्यानं हसले. वैजूनं ओठ थोडे ताणले.

"आता ते उतरव," काकू तिला म्हणाल्या. "नाटकातल्यासारखं दिसतं. साधी साडी नेसून ये." आणि माझ्याकडं वळून, "एक नीट फोटो पाहिजे मला. छातीपर्यंत. चेहरा समोर, डोळे उघडे. मोठा करता येईल ना?"

"येईल की. केवढा पाहिजे?"

"या, दाखवते."

त्या मला आत माजघरात घेऊन गेल्या. भिंतीवर ओळीनं फोटो होते. नानांचे वडील, आजोबा, कुणी एक टोपीवाले काका. सगळ्यांना चंदनाचे हार. ओळीच्या शेवटी एका तरुण बाईचा फोटो होता. चेहरा पुसट, पिठात बोट फिरवून काढल्यासारखा. तिच्या खांद्यावर कुणाच्या तरी हाताची चार बोटं दिसत होती; बाकीचा माणूस कापून टाकला होता.

"ही पुष्पा," काकू म्हणाल्या. "तिच्या वेळी घरात एक धड फोटो नव्हता. ऐन वेळी लग्नातल्या ग्रुपमधनं कापून घ्यावा लागला. तेरा दिवसांत त्या माणसाला याहून काही जमेना. बघा कसा आलाय. लोक येतात, बघतात. फार वाईट दिसतं." त्यांनी पदरानं त्या काचेवरची धूळ पुसली. "म्हटलं, हिचा आधीच काढून ठेवावा. ह्याच मापाचा करा."

पाहुणे यायच्या आधी पाणी भरून ठेवावं, तशा साध्या सुरात त्या हे बोलल्या. मीही "हो" म्हणालो. "ह्याच मापाचा" असं वहीत लिहूनसुद्धा घेतलं. मग बाहेर आलो, आणि ओट्याच्या पायऱ्या उतरताना ते वाक्य पहिल्यापासून परत माझ्या कानात आलं. दुपारचे तीन वाजून गेले होते.

वैजू साधी निळी साडी नेसून आली होती. मी तिला तुळशीपलीकडं सावलीत स्टुलावर बसवलं. दाजी माझ्या मागं, ओट्यावरच्या झोपाळ्यावर पेपर घेऊन बसले होते. वीसेक फूट असतील. मला त्यांचा झोपाळा ऐकू येत होता, पान उलटल्याचा आवाज मात्र येत नव्हता. काकू पावडरचा डबा आणायला आत गेल्या.

मी मान खाली घातली. काचेत वैजू तळहाताएवढी दिसत होती. मी छोटं भिंग उघडून तिच्या डोळ्यांवर नजर बसवायला लागलो, आणि तेव्हा ती बोलली. ओठ जेमतेम हलले.

"दादा, मान वर करू नकोस."

मी केली नाही.

"मला आज घेऊन चल."

"काय झालंय?" मी काचेलाच विचारलं.

"ते घरी सांगीन. चार दहाला फाट्यावर फलटणची गाडी येते. मागच्या दारानं उसातनं गेलं तर वीस मिनिटं लागतात. मी दोनदा मोजलंय."

"मी परत नानांना विचारतो. सरळ सांगतो की—"

"विचारू नकोस. जेवताना विचारलंस तेवढंसुद्धा रात्री माझ्या अंगावर येणार आहे."

झोपाळ्याची कडी कुरकुरली. मी उगाच गोल कळ पुढं-मागं फिरवली. काचेत वैजू पुसट झाली, पुन्हा स्पष्ट झाली. तिचे डोळे कोरडे होते. त्या कोरडेपणाचीच मला भीती वाटली. रडत असती तर मी कदाचित तिला धीर दिला असता, समजूत काढली असती, आणि एकटाच परत गेलो असतो.

"सगळ्यांना पुढच्या अंगणात धर," ती म्हणाली. "वीस मिनिटं. तुझ्याकडं हे आहे म्हणून म्हणते. त्यांना फोटोची हौस आहे."

"दाजी उठले तर?"

"बसवून ठेव."

काकू डबा घेऊन आल्या. वैजूच्या गालावर त्यांनी स्वतः पावडर लावली, हनुवटी धरून चेहरा जरा वर केला. अगदी मायेनं. मी दोन फोटो काढले, आठवा आणि नववा.

तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. माझं घड्याळ तीन मिनिटं पुढं असायचं.

"नाना," मी मोठ्यानं म्हणालो, "उजेड फार सुरेख पडलाय. सगळ्यांचा एक ग्रुप काढू या. असा कॅमेरा परत कधी यायचा!"

नानांना तेवढंच पाहिजे होतं. ते कोट आणि फेटा आणायला आत गेले. मधूनं पाच खुर्च्या मांडल्या. मी म्हणालो, "मधली खुर्ची वैजूची. नवी सून मध्ये पाहिजे. वैजे, ती काळी साडीच नेसून ये परत, ग्रुपमध्ये उठून दिसेल."

"परत?" दाजी म्हणाले.

"निळा रंग फार फिका येतो, दाजी. ह्या फिल्ममध्ये पांढराच दिसतो." ते खोटं नव्हतं. त्या दिवशी मी जे बोललो त्यातलं तेवढंच खरं होतं.

वैजू आत गेली. तिच्या चपला पुढच्या पायरीपाशी होत्या. म्हणजे मागच्या दारानं जाताना तिच्या पायांत काहीच असणार नव्हतं. आणि मग लक्षात आलं, चपला तिथंच असणं चांगलं. बघणाऱ्याला वाटेल ती घरातच आहे. मी कॅमेरा घेऊन त्या चपलांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

नाना फेटा बांधून आले. काकू बसल्या. मधू बसला. दाजी सगळ्यांत शेवटी, मधल्या रिकाम्या खुर्चीशेजारी. मी मान खाली घातली. काचेत चार माणसं आणि मध्ये एक खुर्ची.

"तोवर आपण उजेड लावून घेऊ," मी म्हणालो. "वेग मंद आहे, कुणी हलायचं नाही. श्वाससुद्धा हळू."

दहावा फोटो. अकरावा नानांचा एकट्याचा. बारावा नाना आणि काकूंचा. मग मी रोल पुढं सरकवायची कळ फिरवली आणि ती नुसतीच फिरत राहिली. रोल संपला होता. तीन पंचेचाळीस.

त्या कॅमेऱ्याचं शटर वेगळ्या दांडीनं ताणावं लागे. आत फिल्म असो वा नसो, आवाज तोच. मी शटर ताणलं आणि रिकामा कॅमेरा त्यांच्यावर रोखला.

"आता दोघं भाऊ. मधू, जरा दाजींकडं सरक."

खट्.

"हलला कुणीतरी. परत."

खट्.

"हिला एवढा वेळ का लागतोय?" दाजी म्हणाले.

"बायकांचं नेसणं, दाजी. नाना, तुम्ही काठी हातात घ्या बरं. हां. असे खानदानी दिसता."

खट्. दाजी खुर्चीतून अर्धे उठले.

"दाजी हललात! आता चांगला आला असता."

"बस खाली, विश्वा," नाना खेकसले. "एवढा माणूस धडपडतोय, तुला दोन मिनिटं स्थिर बसवत नाही?"

ते बसले. पण आता ते कॅमेऱ्याकडं बघत नव्हते. मान न हलवता डोळे तेवढे दाराकडं वळवून बसले होते, आणि मला ते काचेत दिसत होते. उलटे, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं ते दुसरीकडंच बघताहेत. आयुष्यात एवढा वेळ मी कुणाच्या चेहऱ्याकडं पाहिलेलं नाही. त्यांच्या कानाखालची शीर उडत होती. मधू मात्र सरळ माझ्याकडं बघत होता. माझ्या कॅमेऱ्याकडं, मग माझ्या पायांशी असलेल्या चपलांकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

तीन चोपन्नला दाजी उठले. या वेळी नानांनी हाक मारली तरी थांबले नाहीत. आत गेले. एक मिनिट गेलं असेल. आतून काहीच आवाज नाही. काकूंनी पदर सावरला, त्याही उठल्या आणि दारातून आत गेल्या.

मग त्यांचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. दबका, थकलेला आवाज, पण दुपारच्या शांततेत अंगणापर्यंत स्वच्छ ऐकू आला.

"विश्वा, आता परत काय केलंस?"

नाना खुर्चीत होते. त्यांनीही ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी ऐकलं का ते बघायला.

"मी काही नाही केलं," आतून दाजींचा आवाज. "ती नाहीये. खरंच नाहीये."

"विहीर बघ," काकू म्हणाल्या. "आधी विहीर बघ."

नाना फेट्यासकट परसाकडं धावले. जाळीचा लोखंडी दरवाजा दगडावर आपटल्याचा आवाज आला, मग गळ टाकल्याचा, साखळी सुटल्याचा. मधू खुर्चीतच होता, बाकी तिघंही तिथं वाकून विहिरीत बघत होती. मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पुढच्या वाटेनं निघालो. पहिली पन्नास पावलं चाललो, मग पळालो.

फाट्यावर पोचलो तेव्हा गाडी आली नव्हती आणि वैजूही नव्हती. एक म्हातारा बोचकं घेऊन बसला होता, बाकी कुणी नाही. चार दहा झाले. चार पंधरा. उसाच्या कडेनं मी दोनदा इकडून तिकडं गेलो. हाक मारायची सोय नव्हती. चार वीसला लांब धूळ दिसली. गाडी थांबली, म्हातारा चढला, कंडक्टरनं दोरी धरली.

"एक मिनिट," मी म्हणालो. "बहीण येतेय."

"कुठंय बहीण?"

तेवढ्यात ऊस हलला आणि ती बाहेर आली. हात, गाल पाचटानं चरचरा कापलेले, पायांतून रक्त. पाणी सोडलेल्या वाफ्यातून वाट चुकली होती. मी तिला दंडाला धरून वर घेतलं तेव्हा ती कळवळली. दंड धरायचा नव्हता, हे मला माहीत नव्हतं.

आम्ही बसलो आणि मागून मोटारसायकलचा आवाज आला. मधू होता. गाडी सुरू होता होता तो खिडकीच्या बरोबरीनं आला. वैजू खाली वाकायला गेली, पण उशीर झाला होता; त्यानं तिला पाहिलं. तिनं त्याला पाहिलं. हाताच्या अंतरावर होता तो. त्यानं फक्त वेग कमी केला, एसटी पुढं जाऊ दिली, आणि रस्त्याच्या मधोमध थांबून राहिला. नंतर कळलं, घरी जाऊन त्यानं सांगितलं होतं की फाट्यावर कुणीच नव्हतं.

फलटणला घरात शिरताना वैजू एवढंच म्हणाली, "काकूंनी गेल्या आठवड्यात मला विचारलं, तुझा एकटीचा फोटो आहे का गं. तेव्हापासून मी वाटा मोजायला लागले."

तिला अंघोळ घालताना लीलामावशीनं तिचे दंड आणि पाठ पाहिली आणि न्हाणीघरातच खाली बसली. पण काका, म्हणजे वैजूचे वडील, डळमळत होते. पोस्टातून निवृत्त झालेला, कुणाला कधी उणादुणा शब्द न बोललेला माणूस. "मारतो म्हणजे वाईटच," ते म्हणायचे, "पण त्या बाईनं फोटो मागितला, एवढ्यावर जीव घेणार होते असं कसं म्हणायचं?" काकूंनी काही ठरवलं होतं असं मला वाटत नाही. आपल्या मुलाच्या हातून काय होतं ते त्यांना माहीत होतं आणि ते परत होणार हेही माहीत होतं. ते थांबवावं हे मात्र त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी तयारी केली.

आठ दिवसांनी नाना दोन मोठी माणसं घेऊन आले. चहा झाला. नाना समजुतीच्या सुरात बोलत होते. पोरीचं मन लहान आहे, नव्या घरात असं होतं, झालं गेलं विसरू, आज घेऊन जातो. काका खाली बघत होते, आणि ते 'हो' म्हणणार हे मला दिसत होतं.

"नाना," मी म्हणालो, "वैजू घरात दिसेना तेव्हा मी अंगणात होतो. तुम्हीही होता. काकूंनी दाजींना एक प्रश्न विचारला. तो ह्या सगळ्यांसमोर सांगू का?"

नानांनी कप खाली ठेवला. बरोबरच्या माणसांपैकी एकानं विचारलं, "कसला प्रश्न?"

नानांनी टोपी उचलली. "चला," ते म्हणाले, आणि उंबरा ओलांडून गेले. ती दोन माणसं गोंधळून एकमेकांकडं बघत मागोमाग गेली. काकांनी त्यानंतर कधी तो विषय काढला नाही.

वैजूनं डी.एड. केलं. बारामतीकडच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. पुढं तिनं तिच्या पसंतीनं लग्न केलं. तिची मुलगी आता नोकरीला आहे. मी तो रोल धुतला. मास्तरांनी सांगितलं होतं तसंच, मंद वेग अडकत होते. बारातले सात आले. मी त्यांना वही दाखवली, बाकी काही सांगितलं नाही. पोलिसांत मी गेलो नाही. माझ्याकडं एका वाक्याशिवाय काही नव्हतं, आणि तेवढी हिंमतही नव्हती. पण विश्वंभरसाठी पुन्हा बोलणी चालल्याचं दोनदा कानावर आलं, तेव्हा दोन्ही ठिकाणी मी स्वतः जाऊन आलो. दोन्ही ठिकाणी मुलीच्या बापाला बाहेर बोलावून ते वाक्य सांगितलं.

त्या संक्रांतीनंतरच्याच चैत्रात एक अनोळखी माणूस माझ्या कचेरीत आला. तिशीचा, उन्हानं रापलेला, हातात पिशवी. दारातच उभा राहिला.

"दिगंबर तुम्हीच का? आसदगावहून बहिणीला आणलंत ते?"

मी उठून उभा राहिलो. वाटलं, आसदकरांनी कुणाला पाठवलं.

"मी हणमंत. पुष्पाचा भाऊ," तो म्हणाला.

मी त्याला बाहेर लिंबाखाली नेलं. चहा मागवला, तो त्यानं हातात धरून ठेवला, प्यायला नाही. त्याला सगळं ऐकायचं होतं. मी सांगितलं. काकूंचं वाक्य सांगताना अडखळलो, पण सांगितलं. तो नुसती मान हलवत होता, आधीपासून ठाऊक असल्यासारखी.

"तिचं पत्र आलं होतं," तो म्हणाला. "दादा, मला न्यायला ये. एवढंच. कारण काही लिहिलं नव्हतं. आमच्याकडं कांद्याची काढणी चालू होती. आई म्हणाली, नांदत्या पोरीला असं मधेच आणू नये, अक्षय्य तृतीयेला आणू. मीही म्हटलं, बरं."

लिंबाचा मोहोर त्याच्या खांद्यावर पडत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही चल म्हणालात, तेव्हा ती लगेच निघाली? की नवरा, संसार, लोक, असं काही म्हणाली?"

"मी चल म्हणालोच नाही," मी म्हणालो. "तीच म्हणाली. पायांत चपलासुद्धा नव्हत्या, तशीच निघाली."

त्यानं गार झालेला चहा कट्ट्यावर ठेवला.

"आमचीपण आली असती," तो म्हणाला.